आमचा टायरवाला

मध्यमवर्गीय कुटुंबाला कांहीं माणसें पिढीजात लाभलेलीं असतात. घरचा डॉक्टर, घरचा सोनार, घरचा शिंपी, घरचा वाणी, आणि लग्नमुंजीच्या वेळीं हटकून आठवणारे घरचे भटजी. "आमचा सोनार" असें आपण जेव्हां म्हणतों, तेव्हां त्या 'आमचा' या एका शब्दांत केवढा इतिहास सांठविलेला असतो! आजीच्या पाटल्या त्याच्या आजोबांनीं घडविलेल्या असतात. त्याच पाटल्या मोडून आईच्या बांगड्या त्याच्या बापानें केलेल्या असतात. सोन्यांत तांबें किती पडलें हें आपणांस कळत नाहीं. परंतु हा मनुष्य आपणांस फसविणार नाहीं हें कळतें, आणि पहिल्या अज्ञानावर या दुसऱ्या ज्ञानाचें पांघरूण घालून आपण स्वस्थ झोंप घेतों. या जुन्या नामावळींत एका नव्या माणसाची भर घातली पाहिजे, असें मला अलीकडे फार तीव्रतेनें वाटूं लागलें आहे. तो माणूस म्हणजे टायरवाला.

वाचक कदाचित् हंसतील. शेक्सपिअर आणि कालिदास यांच्या सहवासांत उभें आयुष्य काढलेल्या प्राध्यापकानें मोटारसायकलच्या टायरवर लेखणी चालवावी, हा त्यांना निव्वळ लहरीपणा वाटेल. परंतु गेल्या मे महिन्यांत माझ्या घरीं अशी एक गोष्ट घडली कीं, तिनें हा विषय माझ्यापुरता कोणत्याही महाकाव्यापेक्षां अधिक निकडीचा केला. माझ्या कन्येला कशेळ्याच्या बाजूस एका शाळेंत शिक्षिकेची जागा मिळाली. शाळेची वेळ आणि एस. टी.ची वेळ यांचें सूत कांहीं केल्या जमेना. तेव्हां एके संध्याकाळीं तिनें जाहीर केलें, "बाबा, जूनपासून तुमची मोटारसायकल माझी!" मीं होकार दिला, आणि होकार देतांना चेहरा शक्य तितका प्रसन्न ठेवला. रात्रीं मात्र सर्व मंडळी निजल्यावर विजेरी घेऊन मीं अंगणांत गेलों आणि मागच्या टायरकडे पाहत बराच वेळ उभा राहिलों.

आमचें भिसेगांव कर्जत स्थानकाला लागून आहे. आतां तें कर्जत नगरपरिषदेंतच सामावलें आहे. उन्हाळ्यांत हा प्रदेश सात्त्विक दिसतो. पण सह्याद्रीच्या पायथ्याशीं जूनमध्यें पाऊस उतरला म्हणजे त्याचें रूप पालटतें. भाताच्या खाचरांतली माती रस्त्यावर वाहून येते. वळणावळणावर ट्रकमधून सांडलेलें तेल पाण्यावर इंद्रधनुष्यें रंगवूं लागतें. आणि कालपर्यंत ओळखीचा असलेला खड्डा पाण्याखालीं दडून अनोळखी होतो. अशा रस्त्यावर मोटारसायकल जमिनीला टेकते ती दोनच ठिकाणीं, आणि त्यांतलें प्रत्येक ठिकाण आपल्या तळहाताहून मोठें नसतें. त्या दोन तळहातांएवढ्या रबरावर माझी मुलगी रोज सकाळीं घराबाहेर पडणार होती. ज्या बापाला हें एकदां उमगलें, त्याला टायर हा विषय क्षुद्र वाटणें शक्य नाहीं.

आमच्या कर्जतच्या माणसाला घाटाचें आणि ब्रेकांचें शिक्षण आपोआप मिळतें. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात आणि मागून त्यांना जादा एंजिनें जोडलीं जातात, हें दृश्य आम्ही लहानपणापासून पाहत आलों. १८६३ सालीं खुल्या झालेल्या बोरघाटांतील लोहमार्गाचा चढ असा आहे कीं, कोठें कोठें सदतीस फूट पुढें सरकावें तेव्हां एक फूट वर चढावें. परंतु चढण्यापेक्षां उतरणें अधिक अवघड, हें रेल्वे बांधणाऱ्यांना पुरतें ठाऊक होतें. म्हणून घाट उतरणाऱ्या गाडीसाठीं त्यांनीं वाटेंत चढत्या उताराचे फांटे काढून ठेवले. गाडी ठरल्या ठिकाणीं थांबली तरच तिला खालचा रस्ता मोकळा होतो; ब्रेक न लागतां ती सुटलीच तर त्या फांट्यावर चढून आपोआप मंदावते. रेल्वेनें आपल्या ब्रेकांवर विश्वास ठेवला, पण अविश्वासाचीही सोय केली. डांबरी रस्त्यावरच्या दुचाकीला असा फांटा नाहीं. तिचा काय तो भरंवसा रबरावर, आणि रबर ज्या हातांनीं चाकावर चढविलें त्या हातांवर.

तें रबर मुळांत एका दुर्दैवी माणसाच्या ध्यासांतून आलें. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होई आणि थंडींत ठिसूळ. चार्लस् गुडइअर या अमेरिकन गृहस्थानें १८३९ सालीं रबर गंधकासह तापवून त्याला टिकाऊ करण्याची युक्ति शोधून काढली. आणि १८६० सालीं तो डोक्यावर कर्ज घेऊन मेला. आज त्याच्या नांवानें जी कंपनी ओळखली जाते ती १८९८ सालीं निघाली. तिच्याशीं त्याचा किंवा त्याच्या कुटुंबाचा कांहीं संबंध नव्हता! हवा भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालींच नोंदविली होती, पण जग तिला विसरलें. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथें जनावरांची डॉक्टरी करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप यानें ती पुन्हा शोधली. कशासाठीं? तर आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीला ओबडधोबड रस्त्यावर हादरे बसूं नयेत म्हणून. हा इतिहास मीं पूर्वीं वाचला होता. पण त्याचा खरा अर्थ मला त्या मे महिन्यांत लागला. जगांतील टायरांचा अवाढव्य धंदा एका बापाच्या काळजींतून उभा राहिला आहे.

टायरच्या कडेवर एक लेख कोरलेला असतो. तो वाचावयास शिकणें हें ब्राह्मी लिपि शिकण्यापेक्षां पुष्कळ सोपें आहे. माझ्या मागच्या चाकाला '८०/१००-१८' आणि पुढें '५४ पी' असा लेख असलेला टायर लागतो. त्याचा अर्थ असा: रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या शेंकडा १००, म्हणजे तितकीच, चाकाच्या लोखंडी कड्याचा व्यास १८ इंच, ५४ हा भाराचा सांकेतिक अंक, म्हणजे २१२ किलो, आणि 'पी' हें अक्षर वेगाचें, म्हणजे ताशीं १५० किलोमीटरपर्यंत. यांखेरीज एक बाण असतो, तो चाक कोणत्या दिशेनें फिरावयाचें तें सांगतो. खांचांच्या तळाशीं मधूनमधून बारीक उंचवटे असतात. टायरची पाठ झिजून त्यांच्या पातळीला आली कीं त्याचें आयुष्य संपलें. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका लंबगोलांतले चार आंकडे. त्यांतील पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. '२३१९' असें दिसलें तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत जन्मला. टायरची ही जन्मपत्रिका त्याच्या अंगावरच असते. ती चोरतां येत नाहीं, फक्त न वाचली जाण्याची शक्यता असते.

ती वाचल्यामुळेंच पहिल्या दुकानांतून मीं रिकाम्या हातानें परतलों. हमरस्त्यावरचें तें दुकान मोठें झगझगीत होतें. दुकानदारानें एक काळाभोर, तुकतुकीत टायर माझ्यापुढें उभा केला आणि म्हणाला, "कालच माल आलाय, सर." मीं चष्मा पुसून लंबगोल शोधला. ते चार आंकडे चार वर्षांपूर्वींच्या एका आठवड्याची साक्ष देत होते. टायरवरची तुकतुकी बोटाला लागली. ती रबराची नव्हती, वरून चोपडलेल्या पॉलिशाची होती. मीं आंकड्यांकडे बोट दाखविलें, तेव्हां तो गृहस्थ मनापासून हंसला. "सर, रबर काय भाजी आहे शिळी व्हायला?" त्या विनोदाला मीं दाद दिली आणि बाहेर पडलों.

अशा अनुभवाची मीमांसा अर्थशास्त्रानें करून ठेवलेली आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, आणि २००१ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें तें या विचारासाठीं. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: माल चांगला कीं वाईट हें विकणाऱ्याला ठाऊक असतें, घेणाऱ्याला नसतें. म्हणून घेणारा मधली कांहीं तरी किंमत देऊं करतो. त्या किंमतींत चांगला माल विकणें परवडत नाहीं, म्हणून चांगला विकणारा बाजार सोडतो. आणि मागें वाईट मालच उरतो. हा विचार मला त्या दिवशीं फार जवळचा वाटला. ज्या गांवांत कोणीही ते चार आंकडे वाचीत नाहीं, तेथें ताजा टायर आणून ठेवणारा दुकानदार मूर्ख ठरतो. तेव्हां गिऱ्हाइकानें वाचावयास शिकणें हा नुसता स्वतःच्या खिशाचा बचाव नव्हे. प्रामाणिक दुकानदाराला तगवून ठेवण्याचाही तोच मार्ग आहे.

यानंतर शेजाऱ्यांनीं मला भिसेगांवांतल्याच एका दुकानाचें नांव सुचविलें. दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड; बाहेर भिंतीला टांगलेले जुने टायर, आंत हवेचा पंप, आणि पंक्चर शोधण्यासाठीं पाण्यानें भरलेलें अर्धें पिंप. मालक सत्तरीच्या घरांतले. आम्ही बापलेक मोटारसायकल घेऊन गेलों तेव्हां त्यांनीं प्रथम माझ्याकडे नव्हे, गाडीकडे पाहिलें. मग मागच्या टायरच्या खांचेंत नख घालून म्हणाले, "हा गेला. बदला."

"आणि पुढचा?" मीं विचारलें.

ते पुढच्या चाकाशीं उकिडवे बसले. चाक हातानें सावकाश फिरवीत त्यांनीं बोट खांचांतून नेलें, कडेला चिरा आहेत काय तें पाहिलें, जन्माचे आंकडे वाचले. "पुढचा दिवाळीपर्यंत चालेल. आत्तां बदललात तर पैसे फुकट जातील."

माझी मुलगी म्हणाली, "काका, मागं थोडा रुंद टायर नाहीं का घालतां येणार? पकड जास्त मिळेल."

"नाहीं ताई," ते म्हणाले. "कंपनीनं रिम बघून टायर ठरवलाय. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला कीं तो वर फुगतो, कडा आंत ओढल्या जातात. दिसायला दांडगा, पण वळणावर दगा देतो. जो लिहिलाय तोच घाला."

पांच मिनिटांत या माणसानें दोन विक्र्या स्वतःहून नाकारल्या होत्या: एक पुढच्या टायरची, दुसरी अधिक महाग टायरची. परीक्षकाच्या धंद्यांत इतकीं वर्षें गेल्यामुळें मला माणसाची उत्तरें तपासावयाची संवय आहे. दुकानदाराच्या 'हो'वरून त्याची पारख होत नाहीं, कारण 'हो' म्हणण्याचे त्याला पैसे मिळतात. तो 'नाहीं' केव्हां म्हणतो तें पाहावें.

मग काम सुरू झालें. मागचें चाक सुटून खालीं आलें. टायरची एक कड लोखंडी पट्ट्यांनीं रिमबाहेर निघाली आणि जुनी ट्यूब बाहेर आली. तिच्यावर एके ठिकाणीं ठिगळ होतें. ती ट्यूब मला चांगली आठवत होती. आदल्या वर्षीं मुरबाड रस्त्यानें मी आणि माझी पत्नी रात्रीं परत येत असतां मागचें चाक एकाएकीं डोलूं लागलें होतें, आणि काळोखांत आम्हांला दीड तास रस्त्याच्या कडेला उभें राहावें लागलें होतें. म्हाताऱ्यानें ठिगळाच्या कडेशीं बोट ठेवलें. तेथें एकमेकींशेजारीं दोन बारीक चिरा होत्या, सापाच्या दातांच्या खुणांसारख्या. "हें खिळ्याचं काम नव्हे. बसवतांना पट्टीखालीं ट्यूब चिमटली. कुणी बसवला होता?" मीं तें दुकान सांगितलें. त्यांनीं त्यावर कांहीं टीका केली नाहीं; फक्त मान हलविली आणि म्हणाले, "घाई असते लोकांना."

त्यांना घाई नव्हती. रिमच्या आंतली रबरी पट्टी त्यांनीं बदलली, कारण ती फाटली कीं तारांचीं टोकें ट्यूबला बोंचतात. नवा टायर पुढें करतांना मी न विचारतांच त्यांनीं जन्माचे आंकडे माझ्याकडे वळवून धरले. टायर तीनच महिन्यांचा होता. टायरवर पिंवळा ठिपका होता, तो त्यांनीं व्हॉल्व्हच्या समोर आणला. टायरचा तेथला भाग किंचित् हलका असतो, व्हॉल्व्हच्या वजनानें त्याचा तोल साधतो. ट्यूबला पावडर लावली, आंत थोडी हवा भरून तिला गोल केली, म्हणजे ती पट्टीखालीं सांपडत नाहीं. कडेला साबणाचें पाणी लावलें. शेवटची कड व्हॉल्व्हच्या बाजूला हातानेंच आंत दाबली. पट्टी शक्य तितकी कमी वापरली. हवा भरतांना 'टप्' असा आवाज होऊन कड जागेवर बसली. मग चाक फिरवून टायरच्या कडेवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे कीं नाहीं तें त्यांनीं दोनदां पाहिलें. बाण तपासला, साखळीचा ताण पाहिला, मागचा ब्रेक दाबून पाहिला, आणि साखळीच्या झांकणावरील पट्टीवर जितकी लिहिली आहे तितकीच हवा मापून ठेवली. जुनी ट्यूब त्यांनीं माझ्या हातीं दिली. काढलेली वस्तु गिऱ्हाइकाची, हा त्यांचा नियम.

"एवढं सगळं कुठं शिकलांत, काका?" मुलीनें विचारलें.

"खोपोलीला. आमचे उस्ताद होते. घाट चढणाऱ्या ट्रकांचे टायर करायचे. ते म्हणायचे, टायर आपण बसवतों आणि घरीं जातों. पण त्याच्यावर बसून जो जातो त्याच्या घरीं कुणी वाट बघत असतं." मग मुलीकडे वळून ते म्हणाले, "ताई, नवा टायर आहे. पहिले शंभर-दीडशें किलोमीटर जपून. वरची गुळगुळीत साल जाऊं द्या, मग रस्ता धरील. आणि हवा बघायची ती सकाळीं, टायर थंड असतांना."

उस्तादांचें तें वाक्य ऐकून मला आमच्या तालुक्यांतल्या कोंडाणे लेण्यांची आठवण झाली. राजमाचीच्या पायथ्याशीं, रानांत, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोरलेल्या त्या चैत्याच्या दर्शनी भागीं एका भग्न मूर्तीशेजारीं ब्राह्मी लिपींत एक लहानसा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें, एवढाच त्याचा अर्थ. किती थोडे शब्द, पण त्यांत कारागिराचें सगळें नीतिशास्त्र आलें! त्या लेखांत बलकानें आपलें नांव घातलें, म्हणजे कामाची जबाबदारी पत्करली. आणि आपल्या नांवाआधीं गुरूचें घातलें, म्हणजे काम बिघडलें तर लाज एकट्याला वाटणार नाहीं हेंही कबूल केलें. टायरच्या कडेवर कंपनीचें नांव असतें, जन्माचा आठवडा असतो, भाराचा अंक असतो. तो ज्यानें चाकावर बसविला त्याचें नांव कोठेंच नसतें. मुलीनें विचारतांच ज्याच्या तोंडीं उस्ताद आले, त्यानें मात्र आपली सही केली असें मी समजलों.

विश्वास या शब्दाबद्दल आपल्या सुशिक्षित वर्गांत दोन टोकाचीं मतें आढळतात. कांहीं म्हणतात, विश्वास ठेवला कीं प्रश्न विचारूं नयेत. दुसरे म्हणतात, पावती आणि हमीपत्र असल्यावर विश्वासाची गरजच काय? मला दोन्ही अपुरीं वाटतात. पावतीनें फार तर टायरची किंमत परत मिळते. पावसाळी रस्त्यावर जें गमावलें जाईल त्याचें हमीपत्र कोणी लिहून देत नाहीं. आणि प्रश्न न विचारतां ठेवलेला विश्वास हा पुष्कळदां आळसच असतो. आंकडे वाचावे, बाण पाहावा, काम चाललें असतां उभें राहावें, शंका विचारावी. आणि एवढें करून जें आपल्या डोळ्यांना दिसूं शकत नाहीं, म्हणजे कडेच्या आंत ट्यूब चिमटली कीं नाहीं, नट पुरता आवळला कीं नाहीं, तेवढ्यापुरता माणसावर भार टाकावा. त्याच्या अलीकडचा सर्व प्रांत ज्ञानाचा आहे आणि तो आपण आक्रमिलाच पाहिजे. त्या सीमेवर भला माणूस भेटणें हें मात्र भाग्याचें.

जून महिना लागला आणि यंदाही तो आपल्या रीतीप्रमाणें धो धो कोसळला. माझी मुलगी रोज सकाळीं रेनकोट घालून निघते, संध्याकाळीं चिखलानें माखून परत येते. पावसाचा जोर वाढला म्हणजे अजूनही मी चार वाजल्यापासून घड्याळाकडे पाहतों; बापाची ही संवय कोणत्याही टायरनें सुटणारी नाहीं. पण रात्रीं विजेरी घेऊन अंगणांत जाणें मीं सोडलें आहे. परवां तिच्या शाळेंतल्या एका नव्या शिक्षिकेनें फोनवर तिला विचारलें, स्कूटरचा टायर कोठें बदलून घ्यावा? मी वर्तमानपत्र वाचीत होतों. मुलीनें क्षणाचाही विचार न करतां उत्तर दिलें, "भिसेगांवांत ये ना. आमचे काका आहेत तिथं."